दोन चमचे पाणी

भर जुलैत, समोरचं काही दिसू नये असा पाऊस कोसळत असतो आणि त्यातून दाबोळीच्या धावपट्टीवर विमान उतरतं. दोन्ही इंजिनांची तोंडं समोर सताड उघडी. गाळणी नाही, जाळी नाही, झाकण नाही. मिनिटाला बादलीभर पाणी आत जातं आणि इंजिन आपलं चालूच. त्याच वेळी पणजीत अठरा जून रस्त्यावर, पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर, गुडघाभर पाण्यात घातलेल्या गाडीचं इंजिन दोन मोठे चमचे पाण्याने मोडतं. तेही गाडीच्या इंजिनाचं नाक, म्हणजे हवा आत घ्यायचं तोंड, डब्यात बंद आणि त्यावर कागदाचा फिल्टर असताना.

फरक हवा दाबण्याच्या पद्धतीत आहे. जेट इंजिन दोन्ही बाजूंनी उघडं असतं. हवा एका टोकाने आत येते, पात्यांच्या रांगांमधून दाबली जाते, पेटते आणि मागून निघून जाते. पाणी आलं तर पुढचा मोठा पंखा त्यातलं बरंचसं बाहेरच्या कडेला भिरकावतो आणि ते बायपासच्या वाटेने, गाभ्यात न शिरता, मागे जातं. मधल्या शंकूचा आकारही याच कामात मदत करतो. हा उपाय सगळाच पहिल्या दिवशी सुचला नव्हता. मे १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ टाका या विमान कंपनीच्या ७३७-३०० विमानाची दोन्ही इंजिनं गारा आणि पावसात विझली. वैमानिकाने विमान बंधाऱ्याशेजारच्या गवतावर सुखरूप उतरवलं. त्यानंतर त्या इंजिनाच्या शंकूचा आकार बदलला आणि पाणी-गारा गाभ्याआधीच बाहेर टाकायची सोय वाढवली.

पिस्टनच्या इंजिनात ही पळवाटच नाही. व्हॉल्व्ह बंद झाले की सिलिंडर म्हणजे बूच मारलेली बाटली. १२०० सीसीच्या चार सिलिंडरवाल्या पेट्रोल गाडीचा हिशेब करा: प्रत्येक सिलिंडर ३०० सीसी, कॉम्प्रेशन रेशो ११, म्हणजे पिस्टन खाली असतानाची सगळी जागा तो वर आल्यावर अकराव्या हिश्शावर येते. पिस्टन पूर्ण वर आला की वर जागा उरते ३० मिली. म्हणजे दोन मोठे चमचे. तेवढं पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला वाटच नाही, कारण पाणी दबत नाही. बाकीचे तीन सिलिंडर आणि फ्लायव्हीलचं जड चाक मात्र क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवतच असतात. मग वाकतो तो पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. डिझेलची गोष्ट आणखी वाईट. १२५० सीसीच्या, साडेसतरा रेशोच्या इंजिनात ही जागा १९ मिलीच्या आसपास. ११० सीसीच्या स्कूटरला १२-१३ मिली, खोकल्याच्या औषधाच्या झाकणापेक्षा थोडंच जास्त.

आता ते पाणी आत येतं कुठून. एक लिटर पेट्रोल जाळायला वजनाने साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत ती नऊ हजार लिटरपेक्षा जास्त भरते, म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या. पणजीहून मडगावला पोचेपर्यंत साधी गाडी अशा अठरा-एकोणीस टाक्या ओढते. एवढी ओढ असलेल्या नळीचं तोंड पाण्याला नुसतं टेकलं तरी पाणी सुळकन आत जातं. स्ट्रॉने शहाळं पितो तसं.

तेव्हा पहिलं काम, आपल्या गाडीचं ते तोंड कुठे आहे ते शोधणं. बॉनेट उघडा, एअर फिल्टरचा काळा डबा शोधा आणि त्याच्यातून इंजिनाकडे न जाता पुढच्या बाजूला जाणारी नळी धरून शेवटपर्यंत जा. बहुतेक हॅचबॅकमध्ये ती रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, ग्रिलच्या मागे उघडते. काहींत हेडलाइटच्या मागून फेंडरमध्ये उतरते, आणि अशी गाडी उंच दिसत असली तरी तिचं नाक बंपरच्या पातळीला असू शकतं. टेप घेऊन जमिनीपासून उंची मोजा आणि त्यातून किमान १५ सेंटिमीटर वजा करा. उरलं ते तुमचं साचलेल्या पाण्याचं माप. वजाबाकी कशाला, तर गाडी पाण्यातून जाताना पुढे लाट उठते, आणि समोरून कदंबची सरकारी बस आली तर तिची लाट वेगळी. माणसं पाणी किती आहे ते बघतात, लाट किती चढेल ते बघत नाहीत.

पाण्यात घालायचीच वेळ आली तर पहिला गिअर, १५०० ते २००० आरपीएम, चालत्या माणसाच्या वेगाने, न थांबता. 'सायलेन्सरमध्ये पाणी जाईल म्हणून रेस देत राहा' हा सल्ला प्रत्येक नाक्यावर फुकट मिळतो. तो अर्धवट आहे. इंजिन चालू असेपर्यंत आयडलचा, म्हणजे रेस न देतानाचा, धूरसुद्धा सायलेन्सरचं पाणी बाहेर ढकलत राहतो. रेस जितकी जास्त तितकी पुढच्या नाकाची ओढ जास्त. मागचं दार राखायच्या नादात पुढचं उघडं टाकायचं, असा हा प्रकार.

आणि गाडी पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही. रॉड पहिल्या फटक्यालाच वाकतात असं नाही. बरेचसे स्टार्टरने किंवा धक्का मारून पुन्हा चालू करायच्या प्रयत्नात वाकतात. इथे विम्याचाही मुद्दा आहे. साध्या पॉलिसीत पाणी जाऊन झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते असलं तरी बुडालेली गाडी नंतर स्टार्ट करून पाहिली असं सर्व्हेअरला दिसलं तर वाद अटळ. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडी ओढून न्या. ऑटोमॅटिक असेल तर चाकं उचलून.

गॅरेजमध्ये कामाचा क्रम काय असावा ते मालकालाही ठाऊक असलेलं बरं. आधी फिल्टरचा डबा उघडायचा. फिल्टर कोरडा आणि त्याच्या इंजिनाकडच्या बाजूची नळी कोरडी, तर बहुधा इलेक्ट्रिकल भिजलंय, इंजिन वाचलंय. कागद फुगून चिंब झाला असेल तर पुढे जायचं. (कधी कधी हाच फुगलेला कागद हवा बंद करून इंजिन वाचवतो. गाडी बंद पडते ती त्याच्या कृपेने.) टर्बो डिझेल असेल तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या नळीची क्लिप सोडून पाहायचं, कारण पाणी तिथे बसून राहतं आणि सगळं 'साफ' केल्यावर पहिल्या रेसला वर येतं. मग पेट्रोलचे सगळे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढायचे. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पान्हा लावून हाताने दोन पूर्ण फेरे. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. सुरळीत फिरलं तर प्लगच्या भोकांवर फडकं धरून स्टार्टरने थोडं फिरवायचं, पाणी पिचकारीसारखं उडतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल टाकून पुन्हा हाताने फिरवायचं, म्हणजे भिंतींना गंज धरत नाही. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलायचे, आणि तेच पुन्हा शे-दोनशे किलोमीटरवर.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट, प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो त्याचं मोजमाप. रॉड एखादा मिलिमीटर वाकला तरी इंजिन चालू होतं, गुळगुळीत चालतंही. पण तो पिस्टन पूर्वीइतका वर जात नाही, म्हणून त्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी येतो. तीन सिलिंडर १२ बार आणि चौथा ९ दाखवत असेल, तर व्हॉल्व्ह आणि रिंगा ठीक आहेत ना ते बघून रॉड काढायलाच हवा. वाकलेला रॉड तसाच चालवला की पुढे कधीतरी हायवेवर ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि तोवर पावसाची आठवणही कुणाला नसते.

पणजीच्या पाण्याबद्दल एक जादा सूचना. भरतीच्या वेळी गटारांतून उलटं येणारं पाणी मांडवी नदीचं, म्हणजे मचूळ. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, अॅल्युमिनियमची असते, तिच्यावर खार सुकला की पांढरी भुकटी धरते आणि फ्लॅप अडकायला लागतो. साखळी शहरात वाळवंटी नदीचं पाणी भरलं तर गाळ येतो, पण खार नाही. पणजीत भिजलेली गाडी आधी गोड्या पाण्याने धुवायची, मग सुकवायची. वायरिंगचे कनेक्टरसुद्धा.

स्कूटरला दोन नाकं असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. एक इंजिनाचं, सीटखाली मागच्या बाजूला, बऱ्यापैकी उंच. दुसरं डावीकडच्या बेल्टच्या केसचं, बेल्ट थंड ठेवायला. पाण्यातून बाहेर आल्यावर इंजिन रेस घेतं पण गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा पाणी या दुसऱ्या नाकातून गेलेलं असतं आणि बेल्ट घसरत असतो. थांबून केसचा ड्रेन बघायचा आणि हलक्या रेसने सुकू द्यायचं. रेस पिळत राहिलं तर बेल्ट चकचकीत होतो आणि पिकअप कायमचं जातं. शिवाय एअर बॉक्सच्या तळाला बोटभर लांबीची, टोकाला बूच असलेली पारदर्शक नळी लोंबत असते. तिच्यात काळपट तेलकट पाणी जमतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ते बूच काढून रिकामी करायची. एका मिनिटाचं काम, तरी सर्व्हिसिंगमध्ये हमखास राहून जातं. दुचाकीवरून भाड्याने माणसं नेत दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या मोटरसायकल पायलटांनी तर पंधरवड्याला.

पाऊस चार महिने, धूळ आठ. आणि गोव्याची धूळ म्हणजे चिऱ्याची लाल माती, सावर्डे-कुडचड्याकडे किंवा तिस्क-उसगावच्या रस्त्यांवर त्यात खनिजाची भुकटी मिसळलेली. लोहखनिज कठीण असतं आणि मातीतली क्वार्ट्झची वाळू त्याहून कठीण. ही भुकटी तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. रिंगा झिजतात, ऑइल खायला लागतं.

आपल्या लाल मातीचा एक उपकार आहे: ती लपत नाही. फिल्टर काढल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतून पांढरं सुती फडकं फिरवा. फडकं स्वच्छ आलं पाहिजे. विटकरी पट्टा उमटला तर फिल्टर कितीही नवा असो, धूळ त्याला वळसा घालून जातेय. कारणं ठरलेली: डब्याची एक क्लिप नीट बसलेली नाही, फिल्टरची रबरी कड दुमडली आहे, होज क्लिप ढिली आहे, नाहीतर रबराच्या बेलोला (भात्यासारख्या घड्या असलेल्या नळीला) घडीत चीर आहे. ही चीर नळी सरळ असताना दिसत नाही. हाताने वाकवून प्रत्येक घडी उघडून बघावी लागते. आणखी एक कारण, उंदीर. पावसात बॉनेटखाली आसरा घेतात आणि फिल्टरचा कागद कुरतडून त्याचंच घरटं करतात. डबा उघडल्यावर नारळाच्या काथ्याचे धागे दिसले की समजावं.

कागदी फिल्टर हवा मारून साफ करायचा असेल तर प्रेशर ३० पीएसआयच्या खाली, नोझल वीतभर लांब, आणि हवा नेहमी स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा शंभराचा झोत जवळून मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. नंतर अंधारात आतून मोबाइलचा टॉर्च धरून बघा. कुठे टाचणीएवढा प्रकाश चमकला तर फिल्टर फेका. बऱ्याच स्कूटरमध्ये तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर असतो. त्याला हवा मारायचीच नाही, धुवायचाही नाही. धूळ धरून ठेवायचं काम ते तेलच करतं. साधारण १५-१६ हजार किलोमीटरला तो बदलायचा, लाल रस्त्यांवर निम्म्यात. जुन्या बाइकचा फोमचा फिल्टर मात्र धुवायचा: रॉकेलमध्ये पिळून, सावलीत वाळवून, ऑइलमध्ये बुडवून पुन्हा पिळून. कोरडा फोम बसवणं म्हणजे खिडकीला मासे धरायचं जाळं लावून डास अडवणं.

तरीही फिल्टर सारखा उघडू नका. किंचित मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ अडवतो, आणि दर वेळी डबा उघडताना थोडी माती स्वच्छ बाजूला सांडतेच. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मळक्या फिल्टरने मायलेज फारसं पडत नाही, फक्त वरच्या वेगात दम कमी होतो, कारण आलेल्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सुटतं. मायलेज पडायचं ते कार्ब्युरेटरच्या जमान्यात. डिझेल मात्र चढावर काळा धूर सोडून सांगतं.

खनिजाच्या टिपरवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. त्यांच्या डब्यात हवा आधी भोवऱ्यासारखी फिरते, जड धूळ बाहेरच्या भिंतीला आपटून खाली पडते आणि तळाच्या रबरी चोचीतून बाहेर येते. ती चोच रोज एकदा दाबायची. ओल्या मातीने ती चिकटून बसली की सगळी धूळ थेट फिल्टरवर. आत दोन फिल्टर, एकात एक. बाहेरचा साफ करता येतो. आतला सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही, फक्त बदलायचा. बाहेरचा तीनदा बदलला की आतला एकदा. डब्यावर किंवा नळीवर छोटा इंडिकेटर असतो, ओढ फार वाढली की त्यात लाल पट्टी दिसते. फिल्टर कधी उघडायचा ते या पट्टीला विचारावं, कॅलेंडरला नव्हे.

आता शौकिनांचा विषय. फॅक्टरीचा डबा काढून बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावायचा. आवाज घुमतो, खरं आहे, कारण फॅक्टरीच्या नळीवरचे निरुपयोगी वाटणारे फुगे आवाज मारण्यासाठीच असतात. पण बॉनेटखालची हवा ६० अंश असेल आणि बाहेरची ३०, तर तेवढ्याच जागेत नऊ टक्के कमी हवा मावते. त्यात आपली दमट हवा आधीच पातळ: पावसाळ्यात शंभर लिटर हवेत साडेतीन लिटर नुसती वाफ असते. पैसे देऊन ताकद घटवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर ते आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि आयडल हुंदके द्यायला लागतं. ती तार फक्त तिच्यासाठीच्या स्प्रेने धुवायची, बोट किंवा कापूस लावायचा नाही. तारेला केसाचाही धक्का सोसत नाही.

नाकाचा आकार किती महत्त्वाचा असतो ते बघायला बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय उत्तम. १९९८ मध्ये सुरू झालं. तिथल्या सी हॅरियर या लढाऊ जेटपुढे उभं राहून इंजिनाच्या तोंडाची कड बघा: जेटला शोभेल अशी पातळ. वेगात उडताना ती योग्य. पण हॅरियर जागच्या जागी तरंगायचं, आणि पुढचा वेग शून्य असताना इंजिन हवा चारी बाजूंनी, अगदी मागूनसुद्धा ओढतं. पातळ कडेवरून ती हवा वळू शकत नाही, फाटते. म्हणून तोंडामागे गोलाकार ओळीत छोटी दारं ठेवली. आतला दाब पडला की ती आपोआप आत उघडतात, वेग आला की मिटतात. इंजिन बंद असलं की वरच्या बाजूची दारं स्वतःच्या वजनाने आत झुकतात. सनईचं तोंड जसं बाहेर वळलेलं असतं, तशी कड असली तर हवा विनातक्रार आत शिरते. गाडीच्या नळीचं मूळ तोंडही असंच वळलेलं असतं. ते करवतीने कापून 'मोठं' करणारे हाच फायदा कापून टाकतात.

शेजारच्या, नौदलाच्या हंसा तळावरची मिग-२९के ही लढाऊ विमानंसुद्धा याच प्रश्नाचं उत्तर आहेत. मूळ मिग-२९ खराब धावपट्टीवर खडे आत जाऊ नयेत म्हणून जमिनीवर आपली मुख्य तोंडं दारांनी बंद करायचं आणि पंखाच्या मुळाशी, वरच्या बाजूच्या झापांतून श्वास घ्यायचं. नौदलाच्या आवृत्तीत त्या झापा काढल्या, ती जागा इंधनाला दिली, आणि मुख्य तोंडात उड्डाणानंतर आत मिटणारी जाळी बसवली. प्रवासी विमानांना अशी जाळी का नाही, असं विचारतात. जाळीवर बर्फ धरतो, ती हवा अडवते, आणि पक्षी आपटून जाळीच तुटली तर पक्ष्याबरोबर लोखंडही आत. त्यापेक्षा धावपट्टी झाडलेली बरी. पावसात दाबोळीला किंवा मोपाला खिडकीजवळची जागा मिळाली तर इंजिनाखालच्या ओल्या जमिनीकडे लक्ष ठेवा. रेस वाढली की जमिनीवरून धुक्याचा एक बारीक दोर वळवळत इंजिनाच्या तोंडात चढताना दिसतो. खडे वर उचलणारा भोवरा तो हाच.

गाडीला आणखीही एक नाक असतं, माणसांसाठीचं: काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी असलेली जाळी. एसीची बाहेरची हवा तिथून येते. किनाऱ्यालगत सुरूच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या या जाळीत सुरूच्या काड्या सुईसारख्या उभ्या शिरतात, खाली जाऊन आडव्या होतात आणि आंब्याच्या मोहराबरोबर, पाल्याबरोबर त्यांचा गठ्ठा बनतो. जाळीखालची पाणी जायची भोकं बुजली की पावसाचं पाणी ब्लोअरमधून डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. कारपेट ओलं दिसलं की लोक दरवाजाचं रबर बदलत बसतात. मृग लागायच्या आधी, मे संपता संपता, जाळी काढून काड्या उपसा, ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून झटका. मग वायपरच्या मुळाशी तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. पुढच्या चाकाच्या मागे, दोन्ही बाजूंना, धार लागली पाहिजे. एकाच बाजूला लागली तर दुसऱ्या भोकात जाड तार नको, आतली रबरी नळी फाटते. नारळाच्या झाडूचा हीर घाला.